ऍसिडिटी, अपचन, आयबीएस : एक ना धड, भाराभर निदानं

अर्धविराम (धागाकर्ती)

गेल्या चार वर्षांत माझ्या पोटाला तीन नावं मिळाली. पहिल्या डॉक्टरांनी छातीतली जळजळ ऐकून ऍसिड रिफ्लक्स (जठरातलं आम्ल वर अन्ननलिकेत येणं) लिहिलं. दुसऱ्यांनी एंडोस्कोपी करवली, तीत काही सापडलं नाही, म्हणून फंक्शनल डिस्पेप्सिया (तपासणीत कारण न दिसणारं अपचन). तिसऱ्यांना मी शौचाच्या तक्रारी सांगितल्या (तोवर कुणी विचारलंच नव्हतं), ते म्हणाले आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे चिडचिडं आतडं). तिन्ही चिठ्ठ्या जमेस धरल्या तर उपाशीपोटी एक गोळी, जेवणाआधी एक, मुरडा आला की एक आणि रात्री पोट साफ व्हायची पावडर.

तक्रारी जशा आहेत तशा लिहिते. चार घास खाल्ले की पोट तट्ट होतं, पुढचं अन्न नको वाटतं. नंतर दोन तास ढेकरा. दुपारनंतर पोट फुगायला लागतं, संध्याकाळी कमरेचं बटण उघडावं लागतं. आठवड्यातून दोनदा तरी बेंबीच्या वरच्या बाजूला कळ येते, शौचाला जाऊन आलं की थांबते. तीन-तीन दिवस पोट साफ नाही, मग एखाद्या सकाळी तीनदा पळापळ. आडवं झाल्यावर छातीत जळजळ, पण रोज नाही. मला यातलं काय कुठल्या आजाराचं हेच कळत नाही.

वजन घटलेलं नाही, रक्त पडत नाही, हिमोग्लोबिन नीट आहे. वय ३८. प्रश्न एवढाच : हे तीन आजार आहेत, की एकाच आजाराची तीन नावं?

गोगलगाय

+१. तुमच्या यादीतली जळजळ काढा आणि मळमळ घाला, की माझी यादी तयार. मला दोनच नावं मिळालीत, त्यामुळे तुम्ही पुढे आहात. वाचतेय.

पोटार्थी

टोपणनावाप्रमाणे धंदाही पोटाचाच आहे (पोटाचा डॉक्टर), म्हणून जरा लांबण लावतो. इथे तुमचं निदान करणार नाही, पण गोंधळ कुठून येतो ते सांगता येईल.

या आजारांना रक्ताची चाचणी नाही, फोटोत दिसणारी जखम नाही. मग ओळखायचे कसे? लक्षणांवरून. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जगभरातल्या पोटाच्या डॉक्टरांनी एकत्र बसून लक्षणांच्या व्याख्या बांधायला घेतल्या. सुरुवात रोममध्ये झाली म्हणून ते 'रोम निकष'. चौथी आवृत्ती २०१६ ची.

तिच्यात आयबीएस म्हणजे गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी पोटदुखी, आणि त्या दुखण्याचा शौचाशी, शौचाच्या वेळांशी किंवा मलाच्या घट्ट-पातळपणाशी संबंध. या तीनपैकी दोन तरी हवेत. फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणजे जेवणानंतर पोट जड राहणं, थोड्याशा खाण्याने पोट भरणं, छातीच्या हाडाखाली आणि बेंबीच्या वर दुखणं किंवा आग होणं, यांतलं एक तरी, आणि एंडोस्कोपीत कारण न सापडणं. दोन्हींत त्रासाची सुरुवात निदान सहा महिने आधीची हवी.

आता या व्याख्या नीट वाचा. पहिली दुसरीला कुठेही मज्जाव करत नाही. एकाच माणसाला दोन्ही लागू होऊ शकतात, आणि होतातच. अपचनाचा त्रास असणाऱ्यांत साधारण तिघांतल्या एकाला आयबीएसही असतो. निव्वळ योगायोग असता तर हे प्रमाण याच्या कितीतरी खाली राहिलं असतं. म्हणजे या दोघांचं आतून काहीतरी नातं आहे.

तुमच्या वर्णनात मला एक वाक्य सगळ्यात मोलाचं वाटलं : 'बेंबीच्या वर कळ येते, शौचाला जाऊन आलं की थांबते.' वर दुखलं म्हणजे जठर, असं सरसकट नसतं. मोठ्या आतड्याचा आडवा भाग जठराच्या खालच्या कडेला लागूनच जातो. तिथे कळ आली तरी माणूस हात वरच ठेवतो. शौचानंतर उतरणारी कळ जठरापेक्षा आतड्याची असण्याची शक्यता जास्त.

शंकासुर

म्हणजे समिती बसते, रेष आखते आणि रेषेच्या अलीकडचे आजारी, पलीकडचे धडधाकट. छान आहे. उद्या रेष सरकवली तर?

पोटार्थी

सरकवलीच आहे की. २००६ च्या तिसऱ्या आवृत्तीत 'दुखणं किंवा अस्वस्थता' चालायची, महिन्यातून तीन दिवस. चौथीत अस्वस्थता काढून टाकली, कारण काही भाषांत त्या शब्दाला नेमका प्रतिशब्दच नव्हता आणि जो तो आपापला अर्थ लावत होता. ३३ देशांत झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. तिच्या ऑनलाइन भागात जुन्या निकषांनी सुमारे १० टक्के लोकांना आयबीएस निघाला, नव्यांनी सुमारे ४ टक्के. पोटं तीच, माणसं तीच.

पण त्याच पाहणीत अशा प्रकारचा कुठला तरी एक पोटाचा विकार असलेले लोक ४० टक्के होते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. रेष हलली की माणूस एका खणातून दुसऱ्यात जातो, बरा होत नाही. काल आयबीएस होता, आज 'फंक्शनल बद्धकोष्ठ' किंवा 'फंक्शनल पोटफुगी'.

आणि खण बदलायला समितीचीही गरज नसते. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकात सामान्य लोकांच्या पोटाच्या तक्रारी काही काळाने पुन्हा विचारल्या, तेव्हा बरेच जण अपचनातून आयबीएसमध्ये किंवा उलट गेलेले दिसले. अमेरिकेत जठर संथ चालणारे, म्हणजे गॅस्ट्रोपॅरेसिसचे, आणि फंक्शनल डिस्पेप्सियाचे रुग्ण वर्षभराने पुन्हा तपासले, तर दोन्हीकडचे साधारण चाळीस टक्के लोक समोरच्या नावात गेले होते. जठर रिकामं होण्याची चाचणी एकदा असं म्हणाली, एकदा तसं. लक्षणं मात्र जवळपास तीच.

शंकासुर

चाचणीत काही नाही, नावं बदलती, तरी माणूस हैराण. सरळ म्हणा ना, मनाचे खेळ आहेत.

बिनकाट्याचं घड्याळ

शंकासुर, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचाच ऍसिडिटीवर परिणाम होतो. मला हा सगळा प्रकार एका जुलाबाच्या साथीनंतर सुरू झाला. आठ दिवस जुलाब, ताप. मग जुलाब थांबले, पोट मात्र पूर्वीसारखं झालंच नाही. आधी नुसता मुरडा होता, वर्षभराने वरचं जडपण आलं. माझं मन त्या आठवड्यात बिघडलं असं म्हणायचं का?

पोटार्थी

घड्याळराव, तुमच्यासारख्यांचा एक मोठा नमुना इतिहासात आहे. मे २००० मध्ये कॅनडात ओंटारिओमधल्या वॉकर्टन या गावाच्या पिण्याच्या पाण्यात ई. कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू शिरले. दोन हजारांहून जास्त माणसं आजारी पडली, सात दगावली. पुढे गावकऱ्यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. ज्यांना जुलाबाचा आजार झाला होता त्यांच्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांना दोन-तीन वर्षांनी आयबीएस होता, न झालेल्यांत दहातल्या एकाला. आठ वर्षांनी पाहिलं तेव्हा अपचनाचं प्रमाणही आजारी पडलेल्यांत जास्त निघालं. जंतूंचा हल्ला एकच, आणि त्यानंतर वर डिस्पेप्सिया, खाली आयबीएस. दोन आजार योगायोगाने एका घरात राहायला आले असं मानण्यापेक्षा पाया एक मानणं सोपं आहे.

'मनाचे खेळ' बद्दल. १९७३ मध्ये रिची नावाच्या संशोधकाने गुदमार्गातून आत फुगा ठेवून तो हळूहळू फुगवला. आयबीएसच्या रुग्णांना निरोगी माणसांपेक्षा बऱ्याच कमी हवेला दुखायला लागलं. पुढे फंक्शनल डिस्पेप्सियाच्या कित्येक रुग्णांच्या जठरात फुगा फुगवल्यावर तोच प्रकार दिसला. तार तीच, ताण तोच, आवाज मोठा. यात मेंदू आहे का? आहेच. आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं आहे, शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन (मज्जातंतूंचे निरोप पोचवणारं रसायन) पचनमार्गात असतं, आणि वर-खाली निरोप सतत चालू असतात. म्हणूनच रोमवाल्यांनी 'फंक्शनल' शब्द मागे ठेवून 'आतडं आणि मेंदू यांच्या संवादाचे विकार' असं म्हणायला सुरुवात केली. चिंता वाढली की दुखणं वाढतं हे खरं. पण कित्येकांत आधी पोट बिघडतं, चिंता मागून येते.

शंकासुर

फुग्याचा मुद्दा पटला. 'खेळ' शब्द मागे घेतो. मन मागे घेत नाही.

दुर्बीण

जळजळीचं कुणी बोललं नाही, म्हणून माझा अनुभव. पाच वर्षं ऍसिड कमी करणाऱ्या गोळ्या घेतल्या, डोस दुप्पट केला, ढिम्म फरक नाही. शेवटी गोळ्या थांबवून नाकातून बारीक नळी घातली आणि २४ तास अन्ननलिकेतलं ऍसिड मोजलं. ऍसिड अगदी मर्यादेत. जळजळ झाली की बटण दाबायचं असतं. मी अकरा वेळा दाबलं आणि एकदाही त्या वेळी ऍसिड वर आलेलं नव्हतं. याला फंक्शनल हार्टबर्न म्हणतात असं कळलं. गोळ्या बंद केल्या. जळजळ तेवढीच राहिली, पैसे वाचले.

पोटार्थी

याच्या शेजारी अजून एक खण आहे : ऍसिड मर्यादेतच, पण जेव्हा जेव्हा थोडंसं वर येतं तेव्हा हमखास जळजळ. तो अतिसंवेदनशील रिफ्लक्स. आणि तिसरा, ज्यात ऍसिड खरंच जास्त येतं. २४ तासांपैकी ४ टक्क्यांहून कमी वेळ अन्ननलिका आम्ल असेल तर ठीक, ६ टक्क्यांच्या वर गेली तर नक्की रिफ्लक्स, मधलं धूसर. तिघांची तक्रार शब्दशः एकच असते. नुसतं ऐकून यांतला फरक कुठल्याही डॉक्टरला कळत नाही, मलाही नाही.

त्यात आपल्या भाषेत 'ऍसिडिटी' हा शब्द म्हणजे गोणपाट, काहीही भरा. माझ्याकडे येणारे जळजळीला ऍसिडिटी म्हणतात, करपट ढेकरेला म्हणतात, मळमळीला, डोकं दुखण्याला, पोट फुगण्यालाही. म्हणून मी पहिल्यांदा सांगतो, 'शब्द राहू द्या, बोट ठेवून दाखवा.' छातीच्या हाडामागून वर चढणारी आग निराळी आणि हाडाच्या खाली खळग्यात होणारी आग निराळी. पहिली अन्ननलिकेची, दुसरी डिस्पेप्सियात मोडते. एकाच माणसाला दोन्ही असू शकतात हे आलंच.

मोरपंखी

माझा छळ फुगण्याचा आहे. सकाळी पोट सपाट, संध्याकाळी सहा महिन्यांची गरोदर दिसते, कुणीतरी बसायला जागा देतं. सोनोग्राफी केली, गॅस विशेष नाही म्हणाले. मग फुगतं काय? की मलाच भास होतोय?

पोटार्थी

भास नाही, टेपने मोजता येतं. बार्सिलोनातल्या एका गटाने फुगलेल्या अवस्थेतल्या रुग्णांचे सीटी स्कॅन काढून पाहिले. आतला वायू फार थोडा वाढला होता. बदललं होतं ते स्नायूंचं वागणं. पोटात काही भरलं की छाती आणि पोट यांच्यामधला पडदा नकळत वर सरकतो आणि पोटाच्या पुढचे स्नायू आवळतात, म्हणजे जागा वरच्या दिशेने होते. या लोकांत उलटं होतं. पडदा खाली दाबतो, पुढची भिंत सैल सुटते, पोट पुढे येतं. शरीराची ही चुकलेली सवय आहे आणि श्वासाच्या व्यायामांनी ती काही प्रमाणात सुधारते.

पोटफुगी हे असं लक्षण आहे की ते कुठल्याच एका खणाचं नाही. डिस्पेप्सियात असतं, आयबीएसमध्ये असतं, बद्धकोष्ठात असतं, काही नसलं तर त्याचं स्वतःचं नावही आहे. निदानाला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य, त्रास मात्र कित्येकांना दुखण्यापेक्षा जास्त. एक अपवाद ध्यानात ठेवा. पन्नाशीनंतर बाईला पहिल्यांदाच आणि सतत फुगायला लागलं, तर आयबीएस म्हणून सोडून देऊ नये. आधी बीजांडकोश तपासावेत.

तिसरा मजला

हाच मुद्दा मोठ्या अक्षरांत लिहायला हवा. मला सात वर्षं आयबीएस होता. म्हणजे कागदावर होता. फुगणं, पातळ शौच, थकवा. रक्त कमी निघालं तर लोहाच्या गोळ्या दिल्या, त्यांनी बद्धकोष्ठ झालं, तर म्हणाले 'बघा, आता मिश्र प्रकारचा आयबीएस'. शेवटी एका तरुण डॉक्टरने रक्ताची एक साधी चाचणी केली आणि मग आतड्याचा तुकडा तपासला. सिलिॲक (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होण्याचा आजार) निघाला. गहू बंद, सहा महिन्यांत रक्त वर आलं. सात वर्षांत ती चाचणी एकदाही कुणाला सुचली नाही.

सगळ्यांना विनंती : गहू सोडून 'बरं वाटतंय का' असा प्रयोग करायचा असेल तर आधी ही चाचणी करून घ्या. गहू बंद केल्यावर ती खोटी चांगली येऊ शकते. पुन्हा काही आठवडे खाऊन करावी लागते, आणि ते आठवडे कुणाच्या वाट्याला येऊ नयेत.

पोटार्थी

तिसरा मजला, मनापासून अनुमोदन. हिमोग्लोबिन कमी झालं की 'फंक्शनल' हा शब्द खिशात परत ठेवायचा असतो. तसंच नकळत घटलेलं वजन, मलात रक्त, गिळताना अडकणं, झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच बदललेली शौचाची सवय, जवळच्या नात्यात आतड्याचा कर्करोग किंवा आतड्याची दाहक व्याधी. यांतलं एक जरी असलं तरी या धाग्यावर वेळ न घालवता तपासणी.

यांतलं काहीच नसताना पातळ शौच चालू असेल तर मलातलं कॅलप्रोटेक्टिन ही सोपी चाचणी आतड्याची सूज आहे का ते सांगते. जुलाबप्रधान आयबीएस म्हणवणाऱ्यांत जवळपास चारातल्या एकाला पित्ताम्लं नीट शोषली जात नसल्याचं दिसतं, त्याला निराळं औषध आहे आणि ते लागूही पडतं. पित्ताशय काढलेल्यांत तर याचा विचार आधी करावा. (अवांतर : आयबीएसच्या रुग्णांची पित्ताशयं इतरांपेक्षा जास्त काढली जातात. कळ कुणाची आणि शिक्षा कुणाला.)

गोगलगाय

औषधांनीच लक्षणं तयार होतात हे तिसऱ्या मजल्यांच्या लोहाच्या गोळीवरून ध्यानात आलं. अशी अजून कुठली?

पोटार्थी

पुष्कळ, आणि हा भाग बहुतेक वेळा विचारलाच जात नाही. मॅग्नेशियमवाल्या अँटासिडने पातळ होतं, ॲल्युमिनियमवाल्याने घट्ट. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने जुलाब. रक्तदाबाच्या व्हेरापामिलने बद्धकोष्ठ. वजन आणि साखरेसाठीची नवी इंजेक्शनं जठर संथ करतात, म्हणजे मळमळ, चार घासांत पोट भरणं, बद्धकोष्ठ, अख्खा संच एका सुईत.

खणागणिक औषध दिलं की आगीतून फुफाट्यात कसं जातो पाहा. आयबीएसच्या मुरड्यासाठी डायसायक्लोमिनसारखी गोळी दिली. ती आतडं सैल करते, तसा जठर आणि अन्ननलिकेमधला झडपेचा स्नायूही सैल करते आणि जठर संथ होतं. झाली जळजळ सुरू, आलं जडपण. मग त्यासाठी आणखी दोन गोळ्या. आतडं आणखी सुस्त होऊन बद्धकोष्ठ वाढलं तर पावडर. अर्धविराम, तुमची यादी पुन्हा वाचा.

अर्धविराम

वाचली. मुरड्याची गोळी तीच आहे. आणि आठवून पाहिलं तर छातीतली जळजळ आधी महिन्यातून एखाद्या वेळी व्हायची, वाढली ती तिसऱ्या डॉक्टरांनंतर. तिघांपैकी कुणाकडेही बाकी दोघांच्या चिठ्ठ्या नव्हत्या, यात माझाही वाटा आहे. दाखवल्याच नाहीत, वाटलं रागावतील.

मग करायचं काय? नावं सोडून द्यायची?

पोटार्थी

नावं डॉक्टरांसाठी राहू द्या. तुम्ही वेळ धरा. दोन आठवडे वहीत चारच गोष्टी : काय झालं, जेवणाच्या आधी की नंतर किती वेळाने, त्या दिवशी शौच झाली का आणि कशी, आडवं होण्याशी काही संबंध आहे का. शौच कशी हे लिहायला ब्रिस्टलचा तक्ता वापरा. १९९७ मध्ये तो ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी मांडला, सात प्रकार, एक म्हणजे सुटे खडे, सात म्हणजे निव्वळ पाणी. आकडा लिहिला की वर्णनाची लाज वाटत नाही.

आणि एक गोष्ट मुद्दाम पाहा : शौच न झालेल्या दिवशी वरचं जडपण वाढतं का. निरोगी माणसांना काही दिवस शौचाची भावना मुद्दाम दाबून ठेवायला सांगितली तेव्हा त्यांचं जठरही संथपणे रिकामं व्हायला लागलं. खालचा दरवाजा बंद असला की वरून आत घेणं मंदावतं. म्हणून वर-खाली दोन्हीकडे तक्रार असेल तर मी बहुतेकदा खालून सुरुवात करतो. माझे सगळेच सहकारी याच्याशी सहमत नाहीत, हेही सांगतो.

मोजपट्टी

आहारतज्ज्ञ आहे, दोन शब्द. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातून आलेला कमी फॉडमॅपचा आहार आयबीएससाठी आहे, आणि त्याचे तीन टप्पे आहेत. गहू, कांदा, लसूण, दूध, काही फळं-कडधान्यं यांतल्या आंबणाऱ्या शर्करा दोन ते सहा आठवडे कमी करायच्या, मग एकेक गट परत आणून पाहायचा, मग जो बाधतो तेवढाच मर्यादेत ठेवायचा. लोक पहिल्या टप्प्यातच मुक्काम ठोकतात. माझ्याकडे दोन-दोन वर्षं फक्त पाच पदार्थ खाणारी माणसं आली आहेत. त्यांचं पोट शांत नव्हतंच, वर वजन गेलं.

ज्यांचा मुख्य त्रास चार घासांत पोट भरण्याचा आहे त्यांना ही मोठी वगळयादी देण्यापेक्षा मी आधी लहान लहान जेवणं आणि एका वेळी कमी स्निग्ध पदार्थ एवढंच सांगते. स्निग्ध पदार्थांनी जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. दोन्ही त्रास असले तर दोन्ही पथ्यं एकदम सुरू करू नका, कशाने काय झालं ते कळणार नाही.

बिनकाट्याचं घड्याळ

मला शेवटी ज्याने गुण आला ती नैराश्यावरची जुनी गोळी निघाली, अगदी थोड्या डोसमध्ये, रात्री. कागदावर ते नाव वाचून घरात शांतता पसरली. मुरडा आणि वरचं दुखणं दोन्ही साधारण निम्म्यावर आलं. आता शंकासुर म्हणतील, बघा, मनाचंच.

शंकासुर

म्हणणार होतो, पण फुगा आठवला.

पोटार्थी

ॲमिट्रिप्टिलीन असावं. इंग्लंडमध्ये ४६३ आयबीएसच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल २०२३ मध्ये आले. रोज १० ते ३० मिलिग्रॅम, सहा महिने, आणि नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा फरक स्पष्ट होता. नैराश्यासाठी याच्या कितीतरी पट डोस लागतो. इथे ते दुखण्याच्या तारेचा आवाज कमी करतं, म्हणून वरच्या आणि खालच्या दोन्ही दुखण्याला लागू पडतं. दोन खणांना एक औषध, हे अशा वेळी जमतं. मात्र त्याने बद्धकोष्ठ आणि तोंड कोरडं होतं, काहींची जळजळ वाढते. मनाने सुरू करायचं औषध नव्हे.

वाचनमात्र

सहा वर्षांत पहिला प्रतिसाद देतोय. हा धागा वाचून वही सुरू केली. दुसऱ्याच दिवशी कळलं की मी जेवण सात मिनिटांत संपवतो. बाकी चालू द्या.

अर्धविराम

सात आठवड्यांनी परत आले. तिन्ही चिठ्ठ्या घेऊन चौथ्या डॉक्टरांकडे गेले, कुणी रागावलं नाही. सिलिॲक आणि थायरॉइड तपासलं, दोन्ही ठीक.

वहीत जे निघालं ते असं. १४ दिवसांपैकी ८ दिवस शौच नाही. चार घासांत पोट भरण्याचे ९ दिवस, त्यातले ७ त्याच आठांमधले. पातळ शौचाची पळापळ दर वेळी तीन-चार दिवस तुंबल्यानंतरच. म्हणजे 'कधी घट्ट, कधी पातळ' असं मी सगळीकडे सांगत होते, ते खरं तर घट्टच होतं, मध्येच धरण फुटायचं. ब्रिस्टलचे माझे आकडे १, १, २ आणि मग एकदम ६.

डॉक्टरांनी गुदद्वाराच्या स्नायूंची चाचणी केली. जोर लावताना जे सैल सुटायला हवेत ते स्नायू मी आवळत होते. पडद्यावर पाहून ते सोडायला शिकवतात, बायोफीडबॅक म्हणतात, सहा बैठकांपैकी चार झाल्या. मुरड्याची गोळी बंद केली, पावडर रोज ठरल्या वेळी, पायाखाली स्टूल.

आता आठवड्यातून पाच दिवस पोट साफ होतं. जेवण अर्धं जायचं ते पाऊण जातं. कळ आठवड्यातून दोनदा यायची, आता दहा-बारा दिवसांनी एखादी. फुगणं आहे तसंच आहे, थोडंही कमी नाही, श्वासाचे व्यायाम आत्ता सुरू केलेत. जळजळ कमी झालीय पण गेलेली नाही. नळीची चाचणी करायची की नाही ते पुढच्या महिन्यात ठरेल.

मोरपंखी

वा! फुगण्याचं काय होतं ते कळवत राहा, मी रांगेत आहे.

शंकासुर

एक व्यावहारिक शंका. पायाखालच्या स्टूलची उंची किती?

अर्धविराम

बसल्यावर गुडघे कमरेच्या वर जातील एवढी. आणि हो, 'स्टूलसाठी स्टूल' हा विनोद घरात सात आठवडे चालू आहे, इथे नको.